उजेडात बघू या

"मॅडम, जरा इकडे बघता? ही वायर लाल आहे की हिरवी?"

संपदाच्या दोन्ही हातांत अस्तराच्या कापडाचं बोचकं होतं. तिने कशीबशी मान वर केली. छताला टेकलेल्या शिडीच्या घोड्यावर एक सावळा, उंचापुरा माणूस बसला होता. केसांत पीओपीची भुकटी, कानामागे पेन्सिल आणि चिमटीत वायर.

"लाल. दिसत नाही का?"

"चष्मा राहिलाय."

"कुठे ठेवलाय सांगा, देते आणून."

"घरी," तो म्हणाला आणि गालात हसला.

आता याला काय म्हणावं! संपदा फणकाऱ्याने पुढे गेली खरी, पण बोचकं काउंटरवर टाकताना तिलाही हसू फुटलंच. तिच्याशी असं उगीचच, कामाबिमाशिवाय, कुणी बोलल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे.

दुकान जितेंद्रशेठचं. मॅचिंग सेंटर. साडीला ब्लाउजपीस, परकर, अस्तर, फॉल... सगळं रंगाला रंग लावून मिळायचं. इतकी वर्षं ते भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर होतं. ती बिल्डिंग पाडायला निघाली, तसा शेठनी मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कजवळच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये गाळा घेतला. काचेचा दरवाजा, एसी, भिंतभर आरसे. शेठ स्वतःवरच खूश होते. "संपदाबेन, जुनं ते दुकान होतं, हे शोरूम हाय, शोरूम!"

संपदाला मात्र आतून तुटल्यासारखं झालं होतं. जुन्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या आणि त्या पायऱ्यांवर सगळं नवघर येऊन टेकायचं. "संपदा, मागचंच गुलाबी दे गं." "संपदा, जेवलीस का?" आई गेल्यापासून हे विचारणारं घरी कुणी उरलं नव्हतं. भाऊ सूरज पुण्याला, त्याच्या संसारात. संध्याकाळी घरी जायचं, कुलूप आपणच उघडायचं, दिवा आपणच लावायचा आणि चहाही एकच कप टाकायचा. तिची खरी माणसं त्या पायऱ्यांवर होती, आणि पायऱ्या काही टेम्पोत घालून आणता येत नाहीत.

घोड्यावरच्या माणसाचं नाव सुयोग. उत्तनच्या कोळीवाड्यातला. घरच्या होड्या होत्या, पण याला पाण्यापेक्षा दिव्यांचं वेड. नव्या दुकानांचे बोर्ड आणि लाइट बसवायचं काम करायचा. त्या वर्षी मीरा रोडला रोज कुठे ना कुठे शटर नवं होत होतं. आज केकचं दुकान, उद्या चष्म्याचं, परवा मोबाइलचं. हा आपला एका घोड्यावरून उतरायचा आणि दुसऱ्यावर चढायचा.

"मग उद्घाटनांना मिठाई खाऊन खाऊन कंटाळला असाल," संपदा त्याला एकदा म्हणाली.

"कुठली मिठाई? माझं काम आदल्या दिवशी संपतं. दिवे लागतात, रिबीन कापतात, तेव्हा मी पुढच्या दुकानात वायर ओढत असतो." तो सहज म्हणाला, मग हातातली वायर गुंडाळू लागला. "आपण बसवलेले दिवे... लागताना कधी बघितलेच नाहीत."

संपदाने उगीच कापडाची घडी उलगडली आणि परत घातली.

"यायचं मग आमच्या उद्घाटनाला. दसऱ्याला. पेढा मी राखून ठेवीन."

"बघू."

"बघू काय? या म्हणतेय ना!"

मॅचिंगच्या धंद्यात एक रीत असते. दुकानातल्या दिव्यावर कुणी विश्वास ठेवायचा नाही. साडीला पीस लावला, पसंत पडला, तरी कात्री लावण्याआधी दोन्ही हातात घेऊन दाराबाहेर यायचं आणि म्हणायचं, "उजेडात बघू या." दिव्याखाली जुळलेले रंग बाहेर हमखास फारकत घेतात. संपदा तर या बाबतीत महाकडक. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, उजेडात बघितल्याशिवाय ती कात्रीला हात लावायची नाही. जुन्या दुकानात दोन पावलांवर रस्ता होता. इथे काचेचा दरवाजा ढकला, पॅसेज ओलांडा, तेव्हा कुठे उजेड.

"तुमचे हे पिवळे दिवे म्हणजे नुसती डोकेदुखी," ती त्याच्यावर करवादायची. "चला, उतरा खाली. बाहेर या. आता सांगा, हा राणी आणि हा मजेंटा, फरक दिसतोय?"

परतीचा पाऊस नुकताच पडून गेलेला असायचा. ओल्या रस्त्यावरून उजेड वर उसळायचा. सुयोग दोन्ही कापडांकडे बघायचा आणि मग तिच्याकडे.

"तुम्ही म्हणाल तो रंग."

"अहो, कापडाकडे बघा!"

"बघितलं की. तुम्ही सांगा, मी ऐकतो."

लाडीगोडी, दुसरं काय! संपदा मनाशी म्हणायची आणि कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. हल्ली ती सकाळी ओढणी निवडायला वेळ लावू लागली होती. आरशासमोर उभी राहून स्वतःलाच दटावायची, "बाई गं, शोभतं का हे?"

दसरा उजाडला. झेंडूची तोरणं लागली, शेठांच्या सासूबाईंनी रिबीन कापली, दिवे लखलखले. संपदाने एक पेढा कागदात गुंडाळून काउंटरखाली ठेवला. दर वेळी दरवाजा उघडला की तिची मान वर व्हायची. सुयोग काही आला नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना तिने तो पेढा स्वतःच खाल्ला, आणि तिला रडूच आलं.

आणि मग तर सगळं सामसूमच झालं. नवघरच्या बायका काही रिक्षा करून एका फॉलसाठी मीरा रोडला येईनात. नवीन गिऱ्हाईक यायचं ते कानाला फोन लावून. "हॅलो मॅम, ये दिखाना," एवढंच. अख्खा दिवस जायचा आणि तिच्या नावाने तिला कुणी हाकही मारायचं नाही. भिंतभर आरसे होते, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे संपदाच संपदा, आणि एकीलाही बोलायला कुणी नाही.

दिवाळीच्या आधी एक दिवस दरवाजा उघडला. हातात कागदाची पिशवी आणि चेहऱ्यावर हसू घेऊन सुयोग उभा होता.

"आईची साडी आणलीय. चुलत बहिणीचा साखरपुडा आहे, तुळशीचं लग्न झालं की. मरून आहे, तसलाच पीस द्या. आईला म्हटलं, या वेळी मी आणतो. ओळखीचं दुकान आहे."

ओळखीचं दुकान म्हणे! संपदाचा पारा चढला. दसऱ्याला वाट बघायला लावून आता हसत येतोय. थांब, ती मनाशी म्हणाली, दाखवते तुला. तिने मरूनचा तागा बाजूला सारला आणि शेजारचा बॉटल ग्रीन उचलला. गडद, शेवाळासारखा हिरवा. आंधळ्यालाही कळेल असा. तिने तो साडीवर ठेवला आणि डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं.

"जुळतंय?"

"एकदम! पण उजेडात बघायचं ना?"

"तुम्हाला पसंत आहे ना? मग कशाला उजेड?" ती म्हणाली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच तिने उजेडात न बघता कात्री लावली.

आता हसेल, मग हसेल... पण तो पिशवी छातीशी धरून खुशीत निघूनही गेला. असेल, तोही मस्करीच करत असेल. उद्या येईल तणतणत, "काय मॅडम, हे काय दिलंत?" म्हणत. मग आपण खरा पीस पुढे करू, तो हसेल, आपण दसऱ्याचा जाब विचारू. तिने मरूनचा पीस कापून, घडी घालून काउंटरखाली ठेवला. जिथे पेढा ठेवला होता, तिथेच.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. सुयोग आला नाही.

शेजारच्या गाळ्यात खेळण्यांचं दुकान येत होतं. तिथे दिवे बसवायला दुसराच कुणीतरी, पिंटू नावाचा, येऊ लागला. संपदा दारात उभी राहून बघत होती. पिंटूने खाली न बघता, गाणं गुणगुणत वायरी जोडल्या. लाल, हिरवी, काळी. कुणाला काही विचारलं नाही. आणि संपदाला घोड्यावरून आलेली ती पहिली हाक आठवली.

*ही वायर लाल आहे की हिरवी?*

चष्मा! या माणसाला तिने चष्म्यात कधी बघितलंच नव्हतं. त्याच्या वायरींच्या टोकांना गाठी मारलेल्या असायच्या, कुठे एक, कुठे दोन. तिला वाटायचं, सवय असेल; ती तर रंग ओळखायची खूण होती. "तुम्ही म्हणाल तो रंग." ती लाडीगोडी नव्हती गं बाई! त्याला लाल-हिरव्यातला फरक खरंच दिसत नव्हता. आणि आपण त्याच्या आईला हिरवं ब्लाउज देऊन चार लोकांत उभं केलं.

त्या रात्री तिला अन्न गोड लागलं नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तिने मरूनचा पीस पर्समध्ये टाकला आणि भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. कोळीवाड्यात विचारत विचारत गेली. वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि एक ठसठशीत बाई त्यांच्यावरचे कावळे हाकत होती.

"सुयोगच्या आई तुम्हीच का?"

"हाय, मीच पार्वती. तू कोण गं?"

"मी... मॅचिंग सेंटरमधली. तुमचा ब्लाउजपीस चुकीचा गेला होता. हा घ्या बरोबर."

पार्वतीबाईंनी पीस हातात घेतला नाही. तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"म्हंजे तूच ती. चुकून दिलास, का मुद्दाम?"

संपदाने मान खाली घातली. "मस्करी केली. मला माहीत नव्हतं हो, देवाशप्पथ."

"पोर पयल्यांदा माझ्यासाठी हातानं काय तरी घेऊन आला. त्याला कसं सांगू, बाबा, हिरवं हाय म्हनून? शिवला आनि घातला. जावा हसल्या तर हसल्या. पर त्यांचं हसनं त्यानं ऐकलं." त्यांनी बोंबलांवर बसलेला एक कावळा हाकला. "त्यो कुनाला सांगत न्हाय. काम जाईल म्हनून भितो. तवापासनं दुकानांच्या कामावर गेला न्हाय. तू मस्करी केलीस ना? मग तूच जा नि निस्तर. धक्क्यावर हाय."

सुयोग काकाच्या होडीत बसून एक छोटा दिवा बसवत होता. तिला बघून त्याचे हात थांबले.

"उद्घाटनाला का नाही आलात?" संपदाच्या तोंडून भलतंच निघालं. माफी मागायला आलेली बाई आणि भांडायलाच लागली.

"आलो होतो."

"खोटं!"

"समोरच्या फुटपाथवर होतो. आत शिरलो असतो तर शेठनी विचारलं असतं, काय रे, लाइट गेली का? आमच्यासारखा माणूस दुकानात आला की लोक आधी दिव्याकडे बघतात." तो कसनुसं हसला. "तुम्ही अबोली साडी नेसला होतात. म्हणजे अबोली होती, असं कुणीतरी शेजारी म्हणालं. मला ती फिक्कट मातीसारखी दिसली. पण छान दिसत होती."

संपदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती होडीच्या कडेला टेकली.

"मला पहिल्या दिवशीच सांगायचंत की."

"सांगितलं होतं की. वायर विचारली ना? दुकानात तेव्हा सुतार होता, रंगारी होते. तुम्हालाच विचारली."

"मलाच का?"

"नवघरच्या दुकानाचा बोर्ड उतरवायला मीच आलो होतो. एक बाई घाई करत होती, रिक्षा उभी होती तिची. आणि तुम्ही हट्टाने कापड उजेडात धरून सांगत होतात, हा नाही जुळत, दुसरा देते. मला वाटलं..." तो वायरीशी चाळा करत म्हणाला, "ही बाई रंगाचं खोटं सांगणार नाही."

आणि तिने नेमकं तेच केलं होतं. संपदा ओढणीत तोंड लपवून हमसून रडली. किती दिवसांचं साठलेलं होतं, आईचं, पायऱ्यांचं, त्या पेढ्याचं, सगळं एकदम बाहेर आलं. सुयोग बावरला. काय करावं ते न कळून त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"अहो... रडू नका ना. आई म्हणते, हिरवं तिला शोभतं."

"चुकले मी," ती हुंदके देत म्हणाली. "खूप चुकले. मला वाटलं, तुम्ही माझी चेष्टा करताय. माझ्याशी कुणी बोलत नाही हो हल्ली. तुम्ही बोलायचात, मग एकदम गेलात..."

धक्क्यावर ऊन लख्ख पडलं होतं. मग सुयोगने हळूच विचारलं, "ती पलीकडची होडी निळी आहे ना?"

"हो. निळी. पिवळा पट्टा."

"हे दोन मला कळतात. आणि तुमची ओढणी?"

संपदाने डोळे पुसले. "बॉटल ग्रीन. त्याच ताग्यातली. आज मरून ड्रेसवर मुद्दाम घेतली, म्हटलं लोक हसले तर मलाही हसू देत."

"मला मरूनच वाटली असती."

"म्हणून तर सांगतेय."

"रोज सांगाल?"

आपलं कुलूप, आपला एक कप चहा, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"सांगेन," ती म्हणाली. "पण उजेडात. आणि खरंच सांगेन."

सुयोग हसला. मग त्याने वायरीची दोन टोकं तिच्यापुढे धरली. त्यांना या वेळी गाठी नव्हत्या.

"लाल कुठली?"

"ही."

त्याने वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. भर दुपारी तो एवढासा दिवा लागला काय आणि न लागला काय, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्याने बसवलेला दिवा लागताना बघायला आज तो स्वतः तिथे होता, आणि शेजारी संपदा होती.