अंजनगावचं अडलेलं रिव्हॉल्वर

दर्यापूरच्या वाटेवरच्या त्या खेड्यात विजेची लाईन गेली की पोरं पुंजाजीच्या ओट्यावर येऊन बसतात. पुंजाजी ‘भूत’ हा शब्द कधी तोंडातून काढत नाही. माणसाचं नाव सांगतो, गाव सांगतो, रात्र सांगतो. बाकी ज्याचं त्यानं समजून घ्यावं. त्या दिवशी त्यानं तंबाखू गालात सारली आणि अब्दुल रहीमची हकिगत काढली. रहीम त्याच्या ओळखीचा. रानडुकरांसाठी घेतलेली पुंजाजीची बंदूक तोच दुरुस्त करून द्यायचा.

रहीमचं दुकान अमरावतीला, राजापेठेच्या मागल्या गल्लीत. परवानाधारक बंदूक दुरुस्तीचं, बापापासूनचं. माणूस अबोल, सावध. हत्यार रिकामं आहे असं कोणी शपथेवर सांगितलं, तरी स्वतः उघडून पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही.

निवडणूक लागली होती. अशा वेळी परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. वसुबारसेच्या दिवशी, सोमवारी, अंजनगाव सुर्जीहून किशोरचा फोन आला. त्याच्या वडिलांचं, केशवरावांचं, जुनं रिव्हॉल्वर होतं. चाप ओढला की अर्ध्यावर अडायचा. जमा करण्याआधी साफ करून द्या, गाडीनं परत सोडतो, असं तो म्हणाला. रहीमनं अवजारांची पेटी उचलली आणि दुपारची बस धरली.

पोचला तेव्हा दारात गाय-वासराची पूजा आटोपत होती. केशवराव अर्धांगवायूनं खाटेला खिळलेले; डोळे तेवढे फिरत. वर भिंतीवर त्यांच्या वारलेल्या बायकोचा हार घातलेला फोटो. किशोरची बायको आकांक्षा हिनं चहा दिला, पण मान वर केली नाही. रहीमनं परवाना पाहिला, नंबर ताडून घेतला. मग किशोर त्याला मागच्या खोलीत घेऊन गेला. केशवरावांचा सरकीचा धंदा जोरात होता तेव्हा बांधलेली ती तिजोरीची खोली. खिडकी नाही. दार लोखंडी, कडी बाहेरून.

घरात लहान लेकरू आहे, हत्यार उघडं असताना दार लावलेलं बरं, असं म्हणून किशोरनं बाहेरून कडी घातली. झालं की आवाज द्या, म्हणाला. रहीमला ते पटलं नाही, पण लेकराचं नाव घेतल्यावर काय बोलणार.

त्यानं काम सुरू केलं. गोळ्या बसतात ती चरखी बाहेर काढून उजेडात धरली. रिकामी. बाजूची पत्री उघडली. आत वर्षानुवर्षांचं तेल सुकून डिंकासारखं चिकटलं होतं. या जातीच्या रिव्हॉल्वरचा चाप ओढला की एकाच ओढीत चरखी फिरते, गोळीवर ठोका देणारा घोडा मागे उठतो आणि दाणकन पडतो. चाप अडण्याचं कारण रहीमला समोर दिसत होतं. त्यानं घासलेटात ब्रश बुडवून एकेक पुर्जा धुतला, कोरडा केला, सांध्यांवर सुईच्या टोकानं तेल लावलं, जास्तीचं टिपून घेतलं. पुन्हा जोडलं. भिंतीकडे रोखून चाप ओढला.

चरखी फिरली. घोडा उठला.

पडला नाही.

त्यानं चाप सोडला. घोडा हळूहळू खाली आला. एखाद्यानं हातात धरून अलगद टेकवावा तसा.

रहीमनं परत सगळं उघडलं. घोड्याला ढकलणारी कमान शाबूत, दाते शाबूत. कुठं कचऱ्याचा कण नाही. जोडलं, ओढलं. घोडा उठला… आणि तसाच राहिला.

तेवढ्यात लाईट गेली.

त्यानं मोबाईलचा टॉर्च लावण्यासाठी खिसा चाचपला. मोबाईल बाहेर, चहाच्या कपाजवळ राहिला होता. त्यानं दार वाजवलं. दारापलीकडून किशोरचा आवाज लगेच आला. तो तिथंच उभा होता.

“झालं का, चाचा?”

“लाईन गेली, भाऊ. दार उघडा.”

“अंधारात हात चालते तुमचा, मले माईत आहे. झाल्याशिवाय दार नाई उघडत.”

रहीमनं विचारलं, एवढी घाई काहून? ठाणं काही पळून चाललं नाही.

बाहेर कडी जराशी वाजली. मग दाराला तोंड लावून बोलल्यासारखा आवाज आला.

“सकाळी ओमप्रकाश येऊन राहिला. वावराची वाटणी मांगाले. त्याच्या आंधी पाह्यजे मले.”

ओमप्रकाश म्हणजे किशोरचा धाकटा भाऊ, अकोल्याला राहणारा. रहीमला उमगलं. ठाण्याचं नुसतं निमित्त होतं. दाराबाहेर हा. आत अंधार. आणि हातात…

घोडा अजून वरच होता. चाप तर त्यानं केव्हाच सोडला होता.

घोडा खाली बसवावा म्हणून रहीमनं चाचपडत आपला अंगठा त्यावर ठेवला.

तिथं आधीच एक अंगठा होता.

गार. बारीक. मध्ये खळगा पडलेला.

रहीम ओरडला नाही. ओरडून कोण येणार? दारापाशी तोच उभा. रहीमला हात मागे घेता येईना. श्वास ऐकू येत होता… त्याचा एकट्याचाच. दुसरा नव्हता. पण अंगठा होता. घोडा धरून. घट्ट.

“झालं का?” बाहेरून.

रहीमनं दाराकडे पाठ केली. कोणाला म्हणावं ते कळेना, तरी तो पुटपुटला, “माय… मले समजलं. सोड आता. मीच करतो.”

गार अंगठा सैल झाला.

मग घोडा अलगद खाली आला.

त्यानं अंधारातच पत्री उघडली. बोटांनी कमान शोधली, दाबून बाहेर ओढली आणि डोक्यावरच्या टोपीच्या अस्तरात खुपसली. पत्री लावली. स्क्रू एकही पडला नाही. मग त्यानं आवाज दिला. कमान तुटली, नवी मागवावी लागेल, सांगितलं.

कडी निघाली. किशोरनं टॉर्चच्या उजेडात चाप ओढून पाहिला. लुळा. त्यानं रहीमची पेटी उलटी केली, खिसे तपासले. टोपीकडे त्याचं लक्ष गेलं नाही. शिवी हासडून तो रिव्हॉल्वर घेऊन आत निघून गेला. गाडीनं सोडायचं नावही निघालं नाही.

फाटकापर्यंत आकांक्षा आली. मोबाईल हातात देताना तिनं सासू-सासऱ्यांचं हळूच सांगितलं, “मामाजीनं मांगं त्यायच्या भावावर हेच रिव्हॉल्वर रोखलं होतं, चाचा. आत्याबाईनं घोड्याखाली अंगठा घातला. घोड्याची अणकुचीदार टोची आरपार गेली. मरेस्तोवर त्यायले त्या हातानं सुई धरता आली नाई.”

रहीम घरी गेला नाही. सरळ अंजनगावच्याच ठाण्यात गेला आणि किशोर जे बोलला ते सगळं सांगितलं. अंधारातल्या अंगठ्याचं सांगितलं नाही. उजाडायच्या आत पोलिसांनी रिव्हॉल्वर ताब्यात घेतलं. ओमप्रकाश आला तेव्हा भांडण झालं, पण हातघाईवरच निभावलं. वाटणीचा दावा आता कोर्टात आहे. दोघं भाऊ तारखेला येतात, एकमेकांकडे पाहत नाहीत, पण जिवंत आहेत.

ठाण्यात रहीमनं स्वतःच्या हातानं कमान परत बसवली, साहेबांसमोर चाप ओढून दाखवला. घोडा उठला, पडला. काही अडचण नाही. त्यानं सगळं पोलाद पुसलं, तेलाचा हात फिरवला, तेलकट फडक्यात गुंडाळून दिलं. त्यावर सील लागलं.

मतमोजणी झाल्यावर तपासणीसाठी ते सील त्याच्यासमोरच फोडलं. फडकं तेलानं ओलंच होतं. नळीवर डाग नाही, चरखीवर डाग नाही.

घोड्यावर मात्र गंज चढला होता. एवढासाच. बारीक अंगठ्याच्या ठशाएवढा, रेघा मोजाव्यात इतका स्पष्ट, आणि बरोबर मधोमध एक गोल जागा कोरी.