पाखरू नसलेलं रान

गोफणीतला धोंडा सुटला आणि ज्वारीत शिरलेलं रानडुक्कर चक्क बोललं.

"अहो, थांबा! माणूस आहे मी!"

पुरुषभर उंच ताटांतून आधी एक टोपी वर आली, मग चष्मा, मग गळ्यातली दुर्बीण. धोंडा टोपीला चाटून गेला होता. मचाणावरच्या सारजानं गोफण पाठीमागं लपवली. पण ऐकून घेईल ती भिमाजीची लेक कसली!

"मानूस हाय तर मानसावानी बांधावरनं या की. डुकरावानी ताटातनं कशाला?"

"पक्षी बघत होतो."

"आन् मी पाखरं हाकतीय. मग आपलं जमायचं कसं?"

तो हसला. हसताना गालाला खळी पडली. ती बघायची नाही, असं ठरवून सारजानं ती नीट बघितली.

त्याचं नाव ज्योतीराम. पिंपरीच्या शेतकरी घरातला, तिथल्याच शाळेत मास्तर. पुण्यातल्या त्याच्या प्रोफेसरांनी त्याला एक काम लावून दिलं होतं. इंद्रायणीच्या काठापासून चाकणच्या माळापर्यंत, कुठल्या जमिनीवर कुठले पक्षी राहतात, त्याचा नकाशा करायचा. त्यापायी तो दर रविवारी सायकल हाणत यायचा. बांधावर बसून त्यानं नकाशा उलगडला. नदीकाठ निळा रंगवलेला, तिथं बगळे आणि खंड्या. डोंगर तपकिरी, तिथं मोर आणि ससाणा. माळ पिवळा, तिथं टिटव्या आणि चंडोल. शेतं हिरवीगार. ओढ्याकाठचा एक एवढासा तुकडा मात्र कोरा.

"ह्यो कुनाचा?" सारजानं विचारलं.

"तुमचाच. इथं पाखरूच नाही."

सारजाची मान ताठ झाली. "कसं असंल? राखन कुनाची हाय!"

"पण मला तो भरायला हवा. भरला की काम संपलं."

"मग... इकडं येनार न्हाई?"

"मग कशाला येईन?"

तो सहज बोलून गेला आणि सायकलवर टांग टाकून निघूनही गेला. सारजाच्या मनात मात्र ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. तुकडा भरला की मास्तर संपला! मग तो भरू द्यायचाच कशाला?

त्या दिवसापासून तिच्या गोफणीला उसंत राहिली नाही. रविवारी तर विचारूच नका. चिमणी नुसती रानाकडं वळली तरी धोंडा सुटायचा. भिमाजी विहिरीवर मोट हाकता हाकता ओरडायचा, "सारजे, एका चिमनीमागं किती गं धोंडं? हात मोडंल!"

"दाना जातो की, आबा!"

बांधावर बसलेला ज्योतीराम काकुळतीला यायचा. "आज एखादी सुगरण तरी बसू द्या."

"माझी गोफन कुनाला इचारून फिरती व्हय?"

"दया नाही तुम्हाला."

"हाय की. ह्यो घ्या ठेचा."

ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी तो आणखी मागायचा. एकदा त्यानं दुर्बीण तिच्या हातात दिली. तिनं डोळ्याला लावली, तर समोर आबा, हाताच्या अंतरावर! तिनं घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला, आणि ज्योतीराम हसून हसून बांधावरून घसरला. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिलाही हसू फुटलं, आणि मग एकदम भीती वाटली. खळं उरकलं की आबा तिच्यासाठी खेडकडचं स्थळ बघणार होता.

असे रविवार गेले. हुरडा भरला. आणि एका रविवारी तो आला तो तोंड पाडूनच.

"उद्या नकाशा द्यायचाय. कोरा तुकडा चालायचा नाही म्हणाले प्रोफेसर. हा शेवटचा रविवार."

आपल्या हौसेपायी या माणसाचं काम अडलंय, हे सारजाला आज पहिल्यांदाच टोचलं. तिनं मनगटावरचा गोफणीचा फास सोडला आणि गोफण मचाणाखाली टाकून दिली.

"बघा तुमची पाखरं."

"आणि आबा?"

"आबाचं मी बघीन. तुमी लिवा..."

आधी एक चिमणी आली. मग पोपट, मग सुगरणींची जोडी. ज्योतीरामनं पेन्सिल काढली. सारजा पाठमोरी होऊन डोळे पुसत राहिली.

तेवढ्यात डोंगराच्या अंगानं आभाळ काळवंडलं. भोरड्या! थंडीत थव्यानं येणारी ही जात. एकदा रानात उतरली की कणसाला दाणा ठेवत नाही. बघता बघता कणसं वाकली. सारजानं मचाणावरून उडी टाकली, पण ताटांच्या पसाऱ्यात गोफण काही सापडेना.

आणि तिनं पाहिलं, पक्षी उडेल म्हणून काटकीवर पाय न देणारा तो मास्तर पेन्सिल फेकून ज्वारीत घुसला होता. "हाऽऽ! हुर्रर्रऽऽ!" जेवणाचा डबा धोंड्यानं बडवत, चष्मा सावरत तो या टोकापासून त्या टोकाला पळत होता. थवा उठला, गिरकी घेऊन नदीकडे वळला.

"अवं मास्तर, मोजायची हुती न्हवं ती?"

"तुमची वर्षाची भाकरी खात होती," तो धापा टाकत म्हणाला.

"आन् नकाशा?"

ज्योतीरामनं खाली बघितलं. "तो... पहिल्याच रविवारी भरला असता. तुम्ही बाभळीखाली पाठ करून भाकरी खाता ना, तेव्हा सगळं रान पाखरांनी भरतं. मी बघत होतो."

"मग लिवलं का न्हाई?"

"लिहिलं असतं, तर पुढच्या रविवारी कशाला आलो असतो?"

सारजा बघतच राहिली. मग खुदकन हसली. "आन् मी येडी! हात सुजला माझा... एक चिमनी बसू दिली न्हाई, तुमी यावं म्हनून—" आणि जीभ चावून तिनं पदर तोंडात कोंबला.

मोटेचा आवाज कधीच थांबला होता. बांधावर भिमाजी उभा होता. त्यानं वाचलेली ज्वारी बघितली, चेपलेला डबा बघितला, लेकीचं लाललाल तोंड बघितलं.

"राखन केली न्हवं मास्तर? मग बसा. हुरडा खाल्ल्याबिगर राखनदारानं आमचा बांध वलांडायचा न्हाई."

आगटी पेटली. भिमाजीनं गरम कणीस हातावर चोळून दाणे त्याच्यापुढं केले. "मग, झालं का काम? का येनार फुडल्या ऐतवारी?"

"काम झालं, आबा. उद्या नकाशा देऊन टाकीन."

सारजाचा हात कणसावरच थांबला.

"पण रविवारी येईन." ज्योतीरामनं चष्मा काढून पुसला. "एकटा नाही... वडिलांना घेऊन येईन."

भिमाजीनं निखाऱ्यावर फुंकर घातली. एकदा लेकीकडे बघितलं. ती मान खाली घालून नुसतेच दाणे चोळत होती, पण उठून गेली नव्हती.

"रस्ता लई खराब हाय," तो म्हणाला. "सायकलवर नगा आनू त्येंना. यष्टीनं आना."

मचाणाशेजारच्या कणसावर एक पोपट येऊन बसला. ज्योतीरामनं तो पाहिला, सारजानंही पाहिला.

"सारजे, पोपट!" भिमाजी ओरडला. "गोफन कुठं हाय तुझी?"

"असू द्या, आबा," ती म्हणाली. "आजच्या दिस खाऊ द्या त्याला."