न्यूझीलंडचा पाव्हणा

श्रीलक्ष्मीची आणि त्याची गाठ पडली ती भांडणातच.

झालं असं, की एका कंपनीनं नवा ब्राउझर काढला आणि छाती ठोकून जाहीर केलं — कुठलं वेब-पान उघडल्यावर अडकून बसणार, हे आमचा ब्राउझर आधीच ओळखतो. जगभरातले लोक जिथं संगणकाच्या बातम्यांवर इंग्रजीत वाद घालत बसतात, अशा एका चर्चास्थळावर ती बातमी आली. बसवकल्याणच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या श्रीलक्ष्मीनं ती वाचली आणि तिचं डोकंच तापलं. 'लेम्मा', म्हणजे गणितातला छोटा मदतनीस सिद्धांत, या टोपणनावानं तिनं खाली ठणकावून लिहिलं, की हे शक्य नाही. एखादा प्रोग्राम कधीतरी थांबेल की गरगरतच राहील, हे प्रत्येक प्रोग्रामबद्दल आधीच सांगणारा प्रोग्राम बनूच शकत नाही, आणि गणितानं हे केव्हाच सिद्ध केलंय.

लगेच उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं टोपणनाव 'बेलवेदर', म्हणजे कळपाच्या पुढं चालणारा, गळ्यात घंटा बांधलेला मेंढा.

'प्रत्येकाचं कशाला सांगायचं? संध्याकाळी कुठलं मेंढरू आपणहून घरी येईल, हे मेंढपाळाला प्रत्येकाचं सांगता येत नाही. पण दहातल्या नवांचं चालीवरून सांगता येतं. ब्राउझरला तेवढं पुरे.'

'आणि दहाव्याचं काय?' तिनं टोमणा मारला.

'दहाव्याच्या मागं आपण जायचं.'

आता यात लाजण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. तरी स्टाफरूममध्ये बसलेल्या श्रीलक्ष्मीचे कान गरम झाले, आणि तिनं उगाचच मोबाइल पालथा ठेवला.

मग वर्षभर तेच चाललं. कुठल्या ब्राउझरनं जाहिराती अडवायचं बंद केलं, कुठल्यानं जुन्या मशीनवर चालायला नकार दिला… बातमी कुठलीही असो, तो 'हो' म्हणाला की ती 'नाही' म्हणणार. पुढं पुढं हे भांडण चारचौघांतून उठून खासगी निरोपांत जाऊन बसलं. इंग्रजीचं एक बरं असतं, 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' हा प्रश्नच येत नाही.

'आज माझं म्हणणं लगेच मान्य केलंस? बरं नाही का?'

'ताप आहे थोडा,' तिनं लिहिलं.

'मग राहू दे. उद्या भांडू.'

'नको… आजच भांड. बरं वाटेल.'

बेलवेदर न्यूझीलंडचा आहे, हे श्रीलक्ष्मीनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. उठता-बसता मेंढरांचे दाखले देणारा आणि आपल्याकडे कोंबडा आरवायच्या आत टक्क जागा असणारा माणूस दुसरा कुठला असणार? तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईचा हा तर्क. ती फावल्या वेळात तिथल्या हिरव्या डोंगरांचे फोटो बघायची आणि सुस्कारे सोडायची. तिचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं. चांगलंच बसलं होतं.

अशात हैदराबादचं स्थळ आलं. मुलाचं नाव विजयेंद्र. नोकरी, घर, पत्रिका… नाव ठेवायला जागा नाही. तिचे वडील नरहरराव राजेश्वर गावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं, "येळ अमावस्या होऊ दे. दुसऱ्या दिवशी मी होकार कळवतो." न्यूझीलंडात मेंढरं राखणाऱ्या एका टोपणनावावर आपला जीव जडलाय, हे श्रीलक्ष्मी कुठल्या तोंडानं सांगणार?

येळ अमावस्येच्या सकाळी गावं ओस पडली. सगळे शेतात. करडईला पिवळी फुलं, हरभऱ्याला घाटे, ज्वारीच्या कडब्याची खोप उभी केलेली आणि आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. तिची आई सुमतीबाई भज्जीच्या, म्हणजे मिसळीच्या भाजीच्या, पातेल्यापाशी बसलेल्या. श्रीलक्ष्मीनं बांधावर बसून निरोप पाठवला, इंग्रजीतच — 'आज भांडायला वेळ नाही. आज आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवतं. वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालासुद्धा हाक मारून वाढतात.'

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं ते चक्क मराठीत.

'अंबील नव्या बिंदगीत घातलाव का जुन्या?'

मडक्याला 'बिंदगी' म्हणणारा माणूस न्यूझीलंडचा? तिच्या हातातला मोबाइल पडता पडता राहिला.

'तुम्ही… न्यूझीलंडचे ना?'

'न्यूझीलंड कामून? मी ठाणाकुशनूरचा. औरादकडं. आमी बी शेतातच हाव.'

'मग ती मेंढरं?'

'आमचीच हायत. आमचा अप्पा राखतो. मी घरी बसून बेंगळुरूच्या कंपनीचं काम करतो.'

'आणि इतक्या पहाटे कोण उठतं?'

'ज्याच्या दारात मेंढरं हायत त्यो. तुमी कुठल्या?'

'राजेश्वरची.'

वर्षभर जगाला वळसा घालून येणारे निरोप शेजारच्या भालकीच्या पलीकडून येत होते. तिला हसूही आलं आणि रडूही. मग तिनं मन घट्ट करून लिहिलं, 'उद्या माझे अप्पा हैदराबादच्या मुलाला होकार कळवणार आहेत. मला तो नको आहे.'

'शेत कुठं हाय?'

'हायवेवरून गावात वळलं की डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीमागं. मास्तरांचं शेत म्हणून विचारा.'

त्यानंतर एक अक्षर नाही. तिनं पूजा केली, पण काय केलं ते तिचं तिलाच कळलं नाही. खीर द्रोणात वाढायची ती भज्जीवरच वाढली. सुमतीबाईंनी दोनदा विचारलं, "काय होतंय गं तुला?" ती म्हणाली, ऊन लागलं. थंडीच्या दिवसांत!

उन्हं कलायला लागली तेव्हा धुळीनं माखलेली एक मोटारसायकल बांधापाशी येऊन थांबली. उतरला तो उंच, सावळा, केसांत गवताची काडी अडकलेला. गाडी थांबलेली बघून नरहररावांनी रिवाजाप्रमाणं हाक दिली, "या की पाव्हणं! असं नुसतं जायचं नसतं आज. बसा, दोन घास खावा."

तो आला. श्रीलक्ष्मी पत्रावळ घेऊन पुढं झाली. त्यानं वर बघितलं, आणि अगदी हळू, विचारल्यासारखं म्हणाला, "लेम्मा?"

तिनं मान हलवली. ऐकून माहीत असलेलं गाव पहिल्यांदा बघावं, तसं ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळे शांत होते त्याचे. पण गाडीची किल्ली तो उगाच या हातातून त्या हातात करत होता. बघून तिला धीर आला.

"काय करता तुमी?" नरहररावांनी विचारलं.

"ब्राउझरचं काम करतो, मास्तर. लोकांचं पान अडकलं की कामून अडकलं ते बघतो."

"आमची लेक म्हणते, ते आधी सांगता येत न्हाई."

"बऱ्याचदा येतंय."

"नेहमी येत नाही," श्रीलक्ष्मी वाढता वाढता थांबली.

"नेहमी कुणाला पाहिजे?"

"ज्याचं पान अडकलंय त्याला."

"त्याला म्हणावं, थोडं थांबून बघ. न्हाईच हललं तर बंद करून पुन्हा उघड."

"हे काय उत्तर झालं?"

"सगळे तेच करतेत की."

नरहरराव खदखदून हसले. सुमतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या लेकीच्या तोंडाकडे बघत होत्या.

पत्रावळीवर भज्जी आली, वाफवलेले उंडे आले, बाजरीची भाकरी आली, द्रोणात अंबील आली. पाव्हणा मांडी घालून बसला, पण त्यानं घास उचलला नाही.

"कामून बसलाव नुसतं?" नरहरराव म्हणाले.

"हे पान वाटसरूचं हाय, मास्तर," तो म्हणाला. शब्द अडखळत होते, पण नजर खाली गेली नाही. "मी वाटसरू न्हाई. मी माउली. ठाणाकुशनूरच्या रामलिंग धनगराचा पोरगा. हिथं मुद्दाम आलोय… ह्यांच्यासाठी. निघताना अप्पा म्हणला, जा, पण लोकाच्या रानात खोटं बोलून जेवू नकोस."

नरहररावांच्या हातातला डाव तसाच राहिला. आता बोललो नाही तर उद्या हैदराबादला होकार जाणार आणि जन्मभर बोलायचं राहून जाणार, हे श्रीलक्ष्मीला कळलं. ती माउलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"अप्पा, उद्या होकार कळवू नका. मला यांच्याशी लग्न करायचंय."

"आज बघितलंस त्याला तू!"

"बघितलं आज. ओळखते वर्षभर. त्यांचं काय चुकतं, कुठं चुकतं, सगळं मला पाठ आहे. विजयेंद्रची मला फक्त पत्रिका माहीत आहे."

"आणि आपले लोक? नातेवाईक? काय काय बोलतील, कल्पना तरी हाय का तुला?" नरहररावांचा आवाज चढला, आणि मग मध्येच फुटला. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

सुमतीबाई पदर सावरत उठल्या. "बोलतील की. ते स्वयंपाकघरात मोबाइल बघून हसायची ना ही… वर्षभर मला वाटायलं, पोरगी कुणावर हसायली? आता समजलं. अवो, हैदराबादचा फोटो बघून ही एकदा तरी हसली का?"

नरहररावांनी डाव खाली ठेवला. ज्वारीच्या कडेकडेनं शेताच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथं पाठमोरे उभे राहिले. श्रीलक्ष्मीला वाटलं, ते आता तसेच घरी निघून जाणार. माउलीनं तिच्याकडे बघितलं नाही, पण त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

मास्तर परत आले. येऊन माउलीसमोर उभे राहिले.

"खाऊन मग सांगितलं असतंस तरी मी उठवलं नसतं तुला. आजच्या दिवशी पाव्हण्याला कुणी उठवत न्हाई. हे ठाऊक होतं तुला?"

"ठाऊक होतं."

"तरी आधी बोललास."

"व्हय."

नरहररावांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांसमोर नंबर लावला. "नमस्कार, राजेश्वरहून नरहरराव बोलतोय. उद्या फोन करणार होतो, आजच केला. मुलगा तुमचा हिऱ्यासारखा आहे. पण आमच्या मुलीनं स्वतः ठरवलंय… हो. हो, मला मान्य आहे. क्षमा असावी." मोबाइल खिशात गेला. "ह्या अमावस्येपर्यंत रामलिंगांना मी ओळखत नव्हतो. येत्या रविवारी ठाणाकुशनूरला येतो म्हणून सांग त्यांना. आता जेव. निवायलंय सगळं."

माउली कुठला जेवतोय? तो उठून उभा राहिला. वर्षभर स्क्रीनवर एकदाही न अडखळलेला माणूस शब्द शोधत होता.

"मला… तुमी आवडता," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. भांडतानी तर लईच."

"मलाही तुम्ही आवडता," श्रीलक्ष्मी म्हणाली. जरुरीपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणाली. शेजारच्या शेतात पंगतीला बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली. तिनं पदर सारखा केला नाही, की नजर खाली घातली नाही. एक पत्रावळ उचलली, माउलीच्या पानाशेजारी मांडली आणि सगळ्यांच्या देखत त्याच्याबरोबर जेवायला बसली.