कडेचं राहिलेलं

दादाच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा किरणांचा आराखडा कुणी करायचा हा प्रश्नच आला नाही. रुग्णालयाच्या तळघरात ते काम करणारी भौतिकतज्ज्ञ एकच होती, आणि ती त्याची सख्खी धाकटी बहीण. सगळे तिला मॅडम म्हणत. दादा तेवढा छोटी म्हणे. बातमी ऐकून तिला रडूही आलं नाही. गेलं वर्षभर तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण गिळायचं, काम उरकायचं, घरी जाऊन पडायचं.

दादासाठी तिनं सहाचा किरण निवडला. यंत्रातून दोन ताकदींचे किरण निघत, सहाचा आणि पंधराचा. पंधराचा खोलवर जातो, वरची कातडीही कमी भाजते, म्हणून दिसायला मोठा गुणी. पण फुप्फुसात हवाच हवा. तिथं त्याचा जोर आजूबाजूला सांडतो आणि गाठीची कड उपाशी राहते. त्यांच्या जुन्या संगणकाला हे कळत नसे. पडद्यावर सगळं झकास दिसे. म्हणून फुप्फुसासारख्या हलक्या बुचाच्या पाट्या रचून खोटी छाती करायची आणि तिच्यात किरण किती पोचतो ते मोजून बघायचं, हा नियम तिचाच. दादासाठी तिनं दोनदा मोजलं.

घड्याळवाल्या आजोबांसाठी एकदाही मोजलं नव्हतं.

घड्याळं दुरुस्त करणारे ते म्हातारे गेल्या वर्षीचे. कातडी अगदी कागदासारखी. दया येऊन तिनं त्यांना पंधराचा दिला. त्या आठवड्यात कामाचा डोंगर होता, पाट्या कपाटातच राहिल्या. पाच महिन्यांत गाठ कडेनंच परत वाढली. शेवटच्या भेटीत दोनदा कोरडं खोकून ते म्हणाले, "मॅडम, कडेचं राहिलं वाटतं." तिनं नुसती मान हलवली. पुढं ते वारले, आणि न मोजल्याची ती गोष्ट तिनं आजवर कुणाच्या कानावर घातली नाही.

मंगळवारी सकाळी अकराला दादाची पहिली बैठक होती.

"काय गं छोटी, भाजणार आहेस की नुसतं शेकणार?" टेबलावर आडवं होत दादानं विचारलं.

"गप पड. हलायचं नाही."

तिनं त्याच्या छातीवर किरण किती पोचला ते मोजणारी चकती चिकटवली आणि बाहेर आली. जाड दार सावकाश मिटलं. कॅमेऱ्यात दादा एकटा दिसत होता, ओठ घट्ट मिटलेले. टेक्निशियननं बटण दाबलं. यंत्र गुणगुणू लागलं, आणि आतल्या माईकमधून खोकला ऐकू आला. कोरडा. दोनदा.

"खोकू नका हो..." टेक्निशियन म्हणाला.

"दादा नाही खोकला," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

पडद्यावर दादा हळूच एका बाजूला सरकला. बोटभर. मग परत जागेवर आला.

दार उघडलं तेव्हा आत घड्याळात घालायच्या तेलाचा बारीक वास होता. तिनं चकती मोजली. ठरल्याच्या निम्मं. पुन्हा मोजली. निम्मंच. यंत्र तपासलं, तर किरण पुरेपूर निघाला होता.

"तुमच्यात एकाच टेबलावर दोघांना झोपवतात होय?" दादा शर्टाची बटणं लावत हसला. "म्हातारबाबा सज्जन होते पण. म्हणाले, जरा सरक, माझं कडेचं राहिलंय. तेवढं झालं की उठतो."

"कधी... उठतो म्हणाले?"

"ते नाही बोलले बुवा. तू का अशी पांढरी पडलीस?"

वर्षभरात पहिल्यांदा तिला भीती वाटली. दादाच्या एकोणतीस बैठका बाकी होत्या. निम्म्यानं भागणार नव्हतं; गाठ राहणार होती आणि दादा जाणार होता. ती आपल्या कामाच्या खोलीत गेली आणि आजोबांची बंद केलेली फाईल उघडली.

ठरलेल्या बैठका तीस होत्या, आणि तीसही तिनंच पुऱ्या केल्या होत्या. खाली एकतिसावी नोंद होती. आजची, सकाळी अकराची. किरणाच्या रकान्यात सहा लिहिलं होतं, आणि सहीच्या जागी तिचीच सही होती.