पायरीवरचा चौकोन

रविवारची चर्चमधली प्रार्थना आटोपली आणि पापा एगीरच्या कुळातली चौदा माणसं पांढऱ्या-काळ्या छापाचं एकसारखं कापड नेसून सॉल्टपाँड गावातल्या घराच्या ओट्यावर फोटोसाठी जमली. शनिवारी पापांना पुरलं, रविवारी देवाचे आभार मानले, आता फोटो झाला की जेवण. फोटोवाला शोधायची गरजच नव्हती. पापांची मुलगी आराबा बावीस वर्षं बाजारात फोटोचं दुकान चालवत होती. घरचीच म्हणून तिला बोलावलं, आणि घरची नव्हे म्हणून कॅमेऱ्यामागे उभं केलं.

फांती लोकांत मूल आईच्या कुळाचं. बाप गेला की त्याच्या जागी बसतो त्याच्या बहिणीचा मुलगा. ही रीत आराबाला कधी टोचली नव्हती. टोचत होतं ते वेगळंच. अर्ध्या गावाची कुटुंबं तिने फोटोत बसवली, पण बापाबरोबरचा एकही फोटो तिच्याकडे नव्हता. विषय काढला की पापा म्हणायचे, बघू, सणाला काढू. शेवटची दोन वर्षं लकव्याने त्यांची डावी बाजू लुळी होती, तेव्हा त्यांना न्हाऊ घालणारी, घास भरवणारी, हाताला धरून ओट्यावरून अंगणात फिरवणारी आराबाच होती. भाचा फिफी ताकोराडीहून दोनदा आला, आणि दोन्ही वेळा मामापेक्षा छपराचे पत्रेच निरखून गेला. आता तोच मधल्या खुर्चीत बसला होता, मांडीवर पापांची तसबीर घेऊन.

निदान त्या तसबिरीसोबत तरी आपण फोटोत असावं, एवढंच आराबाचं मागणं होतं. टायमर लावते आणि कडेला उभी राहते, असं तिने सकाळी विचारून पाहिलं होतं. पापांची बहीण, आत्या आम्बा, हातातला पंखाही न थांबवता म्हणाली, "तुझं कूळ तुझ्या आईचं. तिथे जाऊन उभी राहा की, कुणी अडवलंय?"

आधी कुळप्रमुख नाना क्वान्सांनी पायरीवर जिनची धार धरली आणि रीतीप्रमाणे मेलेल्याला हाक मारली. "एगीर, ये. आपल्या माणसाशेजारी उभा राहा, आणि मग सुखाने जा." जमीन दारू प्यायली. आराबाने पहिला फोटो काढला.

पडद्यावर मोठा करून पाहिला तर चौदाही चेहरे कालवलेल्या पिठासारखे. माणसांमागच्या दाराची चौकट मात्र इतकी लख्ख, की रंगाचे पोपडे मोजून घ्यावेत. ती घाबरली नाही. हार्मटान वाऱ्याचे दिवस होते, वाळवंटाकडून आलेली धूळ भर दुपारी हवेत तरंगत होती. अशा धुरकट उजेडात कॅमेऱ्याला चेहऱ्यावर धरायला काही सापडत नाही, मग तो मागची एखादी ठळक रेघ पकडून बसतो. तिने लेन्स पुसली, तिचं भोक बारीक केलं, फोकसचा बिंदू बरोबर नानांच्या नाकावर आणला आणि पुन्हा बटण दाबलं.

या वेळी दार पुसट झालं आणि मागच्या रांगेतल्या बायकांच्या कानांतल्या कुड्या स्पष्ट आल्या. पुढची रांग धुकटच. तिसऱ्या फोटोत सगळीच माणसं धुकट, आणि ओट्याच्या पायरीवर, जिथे कुणीही नव्हतं, तिथे सांडलेल्या जिनचा डागसुद्धा स्वच्छ दिसत होता. फोकस पुढे पुढे सरकत होता.

"बावीस वर्षं धंदा करतेस म्हणे," आत्या म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

आराबाने कॅमेरा चेहरे ओळखण्यावर लावला. ही शेवटची युक्ती कधी चुकत नसे. पिवळा चौकोन पडद्यावर आला, चौदाही चेहऱ्यांवरून फिरला, आणि सगळ्यांना सोडून पायरीवरच्या मोकळ्या हवेत थांबला. माणसाचं डोकं असतं त्या उंचीवर. तिने कॅमेऱ्यावरून मान वर काढली. पायरीवर कुणी नव्हतं. पुन्हा पडद्यात पाहिलं. चौकोन तिथेच होता.

मग तो हलला. डावीकडे झुकला, सावरला, एक पायरी उतरला. थांबला. पुन्हा डावीकडे झुकला...

ती चाल तिने दोन वर्षं दंडाला धरून सांभाळली होती. लेन्सवरच्या काचेत अंतराचे आकडे उतरत होते, पाच मीटर, चार, तीन, आणि चौकोन मोठा होत होता. तिने ऑटोफोकस बंद केला आणि लेन्सचं कडं दोन बोटांत घट्ट धरलं. बोटांखालून ते सावकाश फिरतच राहिलं.

"काय बघतेस गं तिथे?" नानांनी हळूच विचारलं.

"काही नाही, नाना... धूळ आहे."

फिफीचा धीर सुटला. त्याने बाजूला उभ्या असलेल्या एकाच्या हाती आपला मोबाइल दिला आणि एका दमात फोटो झाला. तो तिच्यासमोर धरून म्हणाला, "बघ, सगळे स्वच्छ. खोट आमच्यात नाही, तुझ्या नजरेत आहे." माणसं हसत मांडवात जोलोफ भाताच्या पातेल्यांकडे गेली. आराबाला जेवायला चल म्हणायचं कुणाला सुचलं नाही. तिला मनस्वी राग आला, त्यांचा आणि त्यांच्याहून जास्त बापाचा.

अंगणात ती आणि कॅमेरा उरला. आकडा आता अर्ध्या मीटरवर होता. लेन्सला याहून जवळचं दिसत नसे. हवेत धुळीचा वास होता, त्यात आता कापराच्या मलमाचा वास मिसळला. तेच मलम ती रोज रात्री पापांच्या छातीला चोळायची.

तिने ओट्याकडे पाठ केली. ट्रायपॉड कुंपणाकडे वळवला, पडदा उलटा करून आपल्याला दिसेल असा ठेवला, टायमर लावला आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. पडद्यावर तिच्या चेहऱ्याभोवती चौकोन आला. मग तिच्या डाव्या खांद्यापाशी दुसरा. तिने मान वळवली नाही.

फोटो निघाला आणि पडद्यावर प्रश्न उमटला. फोटोत कुणाचे डोळे मिटलेले असले की तो कॅमेरा विचारायचा, पुन्हा काढायचा का? फोटोत ती एकटीच होती आणि तिचे डोळे टक्क उघडे होते. तिने पुन्हा काढला. पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदाही तोच.

तिची भीती ओसरली आणि राग तेवढा उरला. पूर्वी एकदा आत्याने आराबाच्या आईला चारचौघांत याच ओट्यावरून खाली उतरवलं, तेव्हाही हा माणूस खुर्चीत डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन बसला होता. आता आला, तोही असेच डोळे मिटून आला.

"पापा," ती समोर बघतच म्हणाली, "डोळे उघडा... एकदा तरी बघा माझ्याकडे."

टायमरचा लाल दिवा लुकलुकला. फोटो निघाला. या वेळी कॅमेऱ्याने काहीच विचारलं नाही. पण पुढे होऊन तो फोटो बघायला आराबाचं पाऊल उचलेना, कारण पडद्यावर आता एकच चौकोन होता, आणि तो तिच्या चेहऱ्यावर नव्हता, तिच्या डाव्या खांद्यापाशी होता.