मिरच्यांना पाणी

स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुर शहराबाहेर गोदामांच्या रांगेत आल्बेनियन लोकांचा लग्नाचा हॉल आहे. रविवारी दुपारी तिथे इल्मीच्या पुतण्याचं लग्न होतं. व्यासपीठावर ढोलवाला होता, क्लॅरिनेटवाला होता. मधोमध माईक होता आणि माईकमागे कोणीच नव्हतं. तरीही एर्मिरा गात होती.

याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. जुळा आवाज आता सगळ्यांच्या सवयीचा झाला होता. हे यंत्र एका गायकाचा आवाज, त्याचा श्वास, त्याच्या लकबी शिकून घेई आणि हॉलमधली माणसं बघून गाणं लांबवी किंवा आवरतं घेई. एर्मिरा जशी पाहुण्यांच्या घराण्यांची नावं गाण्यात गुंफायची, तशीच हाही गुंफत होता. नाव आलं की त्या घरातला म्हातारा छाती काढून उभा राहत होता.

इल्मी मात्र दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. एर्मिरा त्याची बायको; ती जाऊन वर्ष झालं होतं. दुखवट्याच्या घरात वर्षभर गाणं वाजत नाही, आणि इल्मीने ते काटेकोर पाळलं होतं. त्यामुळे तिचा आवाज तो आज इतक्या दिवसांनी ऐकत होता.

एर्मिरा लहानपणी कोसोवोतून इथे आली, बांधकामावर राबणाऱ्या बापाच्या मागोमाग. शाळेत जर्मन जमेना म्हणून गप्प राहायची आणि शनिवारी आल्बेनियन मंडळाच्या हॉलमध्ये मनसोक्त गायची. सतराव्या वर्षी तिचं एक गाणं गाजलं. स्टुटगार्टपासून माल्मोपर्यंत जिथे म्हणून आल्बेनियन माणूस होता, तिथे ते वाजलं. पुढे उन्हाळ्यात जीव मेटाकुटीला येऊ लागला. परदेशातली सगळी माणसं सुट्टीत गावी जाऊन लग्नं काढत, आणि एकाच शनिवारी दहा घरांना एर्मिराच हवी असे. नाही म्हटलं की घराणी रुसत. शेवटी तिने जुळा आवाज करून घेतला. ती गेल्यावरही तो गात आणि नवी गाणी जुळवत राहील, असा यंत्र बनवणाऱ्या कंपनीशी तिचाच करार होता.

ढोलाचा ठेका बदलला. पोरंपोरी ओरडली, "मिरच्या! मिरच्या!"

"हे कुठलं नवीन?" इल्मीने शेजारच्या चुलतभावाला विचारलं.

"तू कुठल्या गुहेत होतास रे? सगळा युरोप नाचतोय यावर. मिरच्या म्हणजे कोण, ते कळतंय ना?" चुलतभावाने नाचणाऱ्या पोरींकडे बघत डोळा मारला.

एर्मिरा गाऊ लागली:

मिरच्यांना पाणी किती घालू, सांग ना,
पानं गळतात गं, कुणाला विचारू, सांग ना.

इल्मी खुर्चीतून उठला. हे त्याचं बोलणं होतं. गॅलरीतल्या तिच्या मिरच्या कोमेजायला लागल्यापासून तो रोज सकाळी स्वयंपाकघरात उभा राहून, रिकाम्या खुर्चीकडे बघून हेच विचारत होता. अगदी याच शब्दांत. घरात दुसरं कोणी नसायचं. फक्त मुलगी, ब्लेरता, शेजारच्या खोलीत.

त्याने नाचणाऱ्यांतून ब्लेरताला दंडाला धरून बाहेर, गाड्यांपाशी नेलं.

"कितीला विकलंस?"

"काय विकलं?"

"माझं बोलणं. दाराला कान लावून ऐकलंस आणि त्या बुयारला दिलंस!"

ब्लेरताने दंड सोडवून घेतला. मग तिचा चेहरा लाल झाला. "बाबा, हे गाणं मी महिनाभर बाहेर ऐकतेय. तुझं बोलणं आहे हे मला आत्ता कळतंय. आणि तू मला चोर म्हणतोस?"

"मग दुसरं कोण होतं घरात?"

"चल. त्यालाच विचारू."

बुयार एर्मिराचा व्यवस्थापक, कंपनीचा इथला माणूस. तो व्यासपीठामागे सँडविच खात होता. सगळं ऐकून त्याने तोंड पुसलं.

"इल्मी, आम्ही कुणाला कान लावायला सांगत नाही. जुळा आवाज त्याच्या श्रवणपेटीतून शिकतो. कलाकार बोलतो, खोकतो, म्हातारा होतो, ते सगळं त्याला कळावं म्हणून घरात ठेवतात ती पेटी. तुमच्या स्वयंपाकघरात आहे ना?"

"ती वर्षभर झाकलेली आहे. रेडिओ, टीव्ही, सगळं झाकलंय. दुखवट्याचं घर आहे आमचं."

"झाकलीय? की बंद केलीय?"

दुखवट्यात वाजणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही, म्हणून त्याने सगळ्यांवर पांढरं कापड घातलं होतं. बटण दाबावं असं मनातही आलं नव्हतं.

"आम्हाला वाटलं, जुन्या ध्वनिमुद्रणांतूनच शब्द येतायत," बुयार ओशाळून म्हणाला. "एक मात्र आम्हालाही कोडं आहे. शेवटचं कडवं. ते ना आम्ही दिलं, ना कुणी तुमच्या घरात बोललं असेल. ऐका."

पुढे हॉलमध्ये एर्मिरा शेवटच्या कडव्यावर आली होती:

मुळाशी घाल रे, पानांवर नको,
उन्हं उतरू दे, घाई नको.

"गाण्याला शेवट लागतो," बुयार म्हणाला. "तो त्याने स्वतःच जुळवला."

इल्मी वर्षभर पानांवरच पाणी ओतत होता, तेही भर उन्हात. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

"आई सगळ्यांनाच तसं सांगायची," ब्लेरता म्हणाली. पण तिचा आवाजही तितका खात्रीचा नव्हता.

दोघं घरी आले. इल्मीने कापड ओढून काढलं. रेडिओशेजारी, तळहाताएवढ्या पेटीवर हिरवा ठिपका जळत होता. मागे बटण होतं. त्याने त्यावर अंगठा टेकवला आणि थांबला.

"काय झालं?"

"बंद केली तर ती पुढे काही सांगणार नाही."

"ती नाही, बाबा. ते यंत्र आहे."

"मग त्याला पानांचं कसं कळलं?"

ब्लेरता खुर्ची ओढून बसली. आईचीच खुर्ची, वर्षभर जिच्यात कोणी बसलं नव्हतं.

"चालू ठेवलीस तर तू जे बोलशील, त्यावर लोक नाचतील. आणि उत्तर हवं असेल तर तुला कुणाच्या तरी लग्नात जाऊन ते ऐकावं लागेल. चालेल?"

चालेल, असंच इल्मीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"मी दाराला कान लावला नाही, बाबा. लावावासा खूप वाटायचा. वर्षभर भिंतीपलीकडून तुझा आवाज यायचा. काय बोलतोस ते कळायचं नाही. मग तू बाहेर यायचास आणि माझ्याशी 'दूध संपलंय' एवढंच बोलायचास. मलाही मिरच्यांना पाणी किती घालायचं ते माहीत होतं. मला का नाही विचारलंस?"