नखाएवढी क्वाय

सरका जरा शेगडीजवळ. आणि डोनबोक, तू आधी तोंडातली क्वाय, ती पानसुपारी, थुंकून ये. थुंकायची नसेल तर राहू दे बाबा, पण गोष्ट ऐकताना सुपारी गिळू नकोस म्हणजे झालं.

ही गोष्ट किटबोकची. हो, तोच, सोहरा रस्त्यावर सुमो चालवायचा तो. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे दहा वाजून गेलेले. शिलाँगहून सुक्या मासळीची पोती भरून तो एकटाच गावाकडे निघाला होता. दुपारी काँग थेइलिनचा फोन आला होता. थेइलिन म्हणजे त्याच्या जिवलग मित्राची, स्टारसनची बायको; ती त्याला बाह, दादा म्हणायची आणि तो तिला काँग, ताई. "बाह किट, आज तरी येऊन जा. सारखा दाराकडे बघत असतो."

स्टारसनला जिभेचा कॅन्सर. तीन वर्षांपूर्वी अर्धी जीभ काढली, मग रेडिएशनचे शेक दिले. डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, "लवकर सापडलाय. क्वायला हात लावला नाहीत तर माणूस वाचेल असं मी धरून चालते. पण पुन्हा काही दिसलं तर त्याच दिवशी या. उशीर झाला की माझ्याही हातात काही राहत नाही." थेइलिननं घरातली पानं, सुपारी, चुन्याची डबी, सगळं उचलून शेजारी देऊन टाकलं.

पण तुम्हीच सांगा, दारात पाहुणा आलाय आणि घरात क्वाय नाही! स्टारसनचं बोलणं कुणाला समजेना, पोरं तोंड लपवून हसायची. पुढं करायला टोपलीही नाही. कुणी आलं की तो भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. किटबोकला ते बघवेना. त्यानं बाजारातून भरलेली टोपली आणली. "पाहुण्यांपुरती, काँग. बोलता येत नाही, निदान द्यायला तरी येऊ दे त्याला."

मग काय, आधी पाहुण्याबरोबर एक, नंतर पाहुण्याशिवाय एक.

पुढच्या वर्षी जुन्या जागीच पांढरा चट्टा उठला. स्टारसननं तो फक्त किटबोकला दाखवला, सुमोत बसून, टॉर्चच्या उजेडात. आणि ओठांवर बोट ठेवलं. बटाटे निघू देत, मग बघू, असं खुणेनं सांगितलं. किटबोक गप्प बसला. तोंड उघडलं असतं तर टोपली आणल्याचा दोषही त्याच्याच माथी आला असता ना! बटाटे निघाले, पावसाळाही सरला, तेव्हा कुठं ते दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झाला. तेव्हापासून किटबोक त्या घराकडे फिरकला नव्हता. फोन आला की गाडी चालवतोय म्हणायचा. मनातून पार खचला होता तो.

त्या रात्री मात्र त्यानं ठरवलं होतं, थेइलिनसमोर आज सगळं कबूल करायचं.

पूर्वजांच्या नावानं रोवलेल्या उभ्या दगडांपाशी धुकं दाट झालं. वाटसरूंना टेकायला तिथं आडवा दगड आहे ना, त्यावर कुणी चादर पांघरून बसलं होतं. त्यानं गाडी थांबवली. माणूस येऊन शेजारी बसला. स्टारसनच तो.

"किती उशीर, किट? वाटेत झोपलास की काय?"

"तू या थंडीत इथं कशाला कडमडलास? मी घरीच येत होतो."

"म्हणून तर बसलो."

गाडी निघाली. स्टारसन लहानपणच्या गोष्टी काढायला लागला. "पाद्रीबाबांच्या प्लमच्या झाडावरून तू पडलास, आठवतं? पडलास तू आणि मार खाल्ला मी." किटबोक खो खो हसला.

हसता हसता थांबला.

शब्द न् शब्द स्वच्छ होता. पूर्वीसारखा.

अर्ध्या जिभेनं...?

त्यानं शेजारी पाहिलं नाही. हात स्टिअरिंगला चिकटले.

"आले त्या सगळ्यांना क्वाय दिली मी," आवाज म्हणाला. "तुझीच राहिली. तू आलाच नाहीस."

अंधारातून हात पुढं आला. पानात गुंडाळलेला सुपारीचा तुकडा. नखाएवढा.

नाही कसं म्हणणार? आपल्यात कुणी म्हणतं?

त्यानं घेतला. तोंडात घालवेना. खिशात टाकला.

"स्टार... तो चट्टा... मी सांगायला हवं होतं रे..."

...

शेजारी कुणी नव्हतं. दार उघडल्याचा आवाजही आला नव्हता.

स्टारसनच्या अंगणात दिवे होते, माणसं होती. थेइलिन पुढं आली. "दिवस बुडताना गेला. देवाच्या घरी क्वाय खायला गेला तुझा मित्र." ती रागावली नाही. तेच त्याला सोसवेना.

तिनं त्याला आत नेलं. "तोंड उघडतच नव्हतं बघ. शेक घेतल्यापासून जबडा आखडला होता. गेलेल्या माणसाला शेवटची क्वाय तर द्यायलाच हवी. नखाएवढी कापली, तेव्हा कुठं दातांमागं ठेवता आली." बोलता बोलता तिनं चादर बाजूला केली. वाकून पाहिलं. ओठ बोटानं सरकवला.

"अगं बाई... गेली कुठं?"

ती उशीखाली शोधू लागली. अंथरुणात शोधू लागली.

"काँग, मी..." किटबोकनं तोंड उघडलं. हात खिशात गेला.

तुकडा होता. पान ओलं होतं. आणि अजून कोमट.